ठासणीची बंदूक, कांबळं आणि कोयता

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत खंडेनवमीच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सचिवांनी मला विचारलं, "काका, तुमचा विषय काय लिहू?" मी म्हटलं, "लिहा, जुन्या बंदुका आणि रानातलं जुनं सामान." सूचना फलकावर कागद लागला आणि दुसऱ्या दिवसापासून जिन्यात मला लोक जरा जपूनच नमस्कार करायला लागले. चौघांनी तर सरळ विचारलं, "घरात आहे का हो?" तर आधीच सांगून टाकतो. आमच्या घरची बंदूक या सोसायटीत कधीही आली नाही. ती गावाला होती आणि आता तिथेही नाही. ती का नाही, हेच सांगायला उभा आहे.

आज खंडेनवमी. सकाळी वॉचमनने गेटजवळच्या पंपाला झेंडूचा हार घातला, तुम्ही कोणी गाडीला घातला असेल, कोणी लॅपटॉपला. मी आयुष्यभर कारखान्याच्या टूलरूममध्ये काम केलं. तिथे आम्ही लेथला आणि मायक्रोमीटरला हार घालायचो. पण माझ्या लहानपणी, देवरुखच्या पुढे आमच्या गावी, खंडेनवमीला पाटावर तीन वस्तू असायच्या. ठासणीची बंदूक, कोयता आणि पहार. शेजारी घडी करून ठेवलेलं कांबळं. कांबळं हे काही शस्त्र नव्हे. पण बाबा म्हणायचे, पावसाशी लढाई त्यानेच करायची, मग त्याला का वगळा?

आधी त्या बंदुकीबद्दल. आजच्या मुलांना बंदूक म्हणजे मोबाइलच्या खेळातली, धडाधड चालणारी. ठासणीच्या बंदुकीत तसलं काही नाही. तिला मागून गोळी भरायची सोयच नसते. सगळं पुढून, नळीच्या तोंडातून आत जातं. आधी मापून दारू. तिच्यावर चिंध्यांचा किंवा काथ्याचा बोळा. मग लोखंडी गजाने तो ठासायचा, म्हणून नाव ठासणीची. छर्रे घालायचे असतील तर त्यावर छर्रे आणि पुन्हा एक बोळा. शेवटी मागच्या बाजूला, घोड्याखाली, एका छोट्या पोकळ बोंडावर तांब्याची केप बसवायची. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो, केपेतली ठिणगी बोंडाच्या भोकातून आत जाते आणि दारू पेट घेते. एक बार काढायला सराईत माणसालाही अर्धा-पाऊण मिनिट लागतं.

ही केप दिसते क्षुल्लक, पण बंदुकीच्या इतिहासात तिने मोठी उलथापालथ केली. तिच्या आधी तोड्याच्या बंदुका होत्या, म्हणजे जळती वात लावून पेटवायच्या. मग चकमकीच्या आल्या. पाऊस आला की दोन्ही बसल्या. अलेक्झांडर फोर्साइथ नावाचा एक स्कॉटिश पाद्री होता. त्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. चकमकीचा जाळ आधी दिसायचा आणि बार नंतर व्हायचा, तेवढ्यात पक्षी उडून जायचे. म्हणून त्याने आघाताने पेटणारं रसायन वापरायची युक्ती काढली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याच युक्तीतून पुढे ही तांब्याची केप आली. म्हणजे आमच्या गावच्या माळ्यावर जी बंदूक टांगलेली असायची, तिच्यातली कल्पना दोनशे वर्षांपूर्वीची. आणि तरी ती पावसाळी कोकणात काम करत होती.

काम म्हणजे काय? शिकार नव्हे. परवाना होता तो पीकसंरक्षणाचा. भात पोटरीला आलं की रानडुकरांचा कळप उतरायचा आणि एका रात्रीत वाफाच्या वाफा लोळवून जायचा. काजूच्या, आंब्याच्या दिवसांत वानरं. त्यामुळे आमची बंदूक बहुतेक वेळा नुसता बार काढायला. छर्रे नाहीत, दारू आणि बोळा एवढंच. डोंगराला आपटून तो आवाज असा घुमायचा की कळप पार पऱ्ह्यापलीकडे. पुढे वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आला, तो वेळोवेळी कडक होत गेला, आणि जनावरावर बंदूक रोखणं हा प्रश्नच उरला नाही. नुसता बार मात्र चालू राहिला.

मी टूलरूमचा माणूस, म्हणून मला तिची एक गोष्ट आजही आवडते. ती बंदूक उघडी होती. म्हणजे तिचं सगळं काम डोळ्यांना दिसायचं. एक घोडा, एक कमान, एक चाप, दोन-तीन खिळे. कमान गेली तर गावचा लोहार नवी ठोकायचा. दस्ता फुटला तर सुतार शिवणाच्या लाकडाचा बसवायचा. आमच्या बंदुकीचा दस्ता माझ्या माहितीत दोनदा बदलला. पण नळी तीच, आजोबांच्या वेळची.

नळी टिकली ती आपोआप नाही. काळी दारू जळली की मागे जो मळ राहतो त्यात क्षार असतात. ते हवेतली ओल ओढून घेतात. आणि कोकणात ओलीला काय तोटा! बार काढून बंदूक तशीच टांगली तर दोन दिवसांत नळी आतून तांबडी. आणि नुसतं तेल फिरवून भागत नाही, कारण क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून बाबा पहाटे राखणीवरून आले की आधी चुलीवर आधण ठेवायला सांगायचे. आईला वाटायचं, चहाचं. ते असायचं बंदुकीचं. कढत पाणी नळीतून तीन-चार वेळा ओतायचं. लोखंड तापलं की आतलं पाणी आपोआप सुकतं. मग कोरडी चिंधी, मग खोबरेल तेलाची चिंधी. त्यानंतर बाबांचा चहा. कितीही दमलेले असोत, हा क्रम कधी चुकला नाही.

आता तुम्हाला माझ्या आयुष्यातली एक रात्र सांगतो. ती मी बायकोलाही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितली.

मी अकरा वर्षांचा असेन. भाद्रपद संपत आला होता. बाबांबरोबर हट्टाने राखणीच्या माळ्यावर गेलो. मध्यरात्री खालच्या वाफ्यात खसफस झाली. बाबांनी माप भरून दारू घातली, बोळा ठासला, केप बसवली आणि चाप ओढला. "टप्प" असा आवाज झाला आणि पुढे काहीच नाही. केप फुटली होती, पण आतली दारू पेटलीच नव्हती. ओल लागली असणार. बाबांनी बंदूक रानाकडे तोंड करून थोडा वेळ तशीच धरली, मग जुनी केप काढून ती खुंटीला लावली आणि पत्र्याचा डबा बडवत, ओरडत खाली उतरले.

मी वर एकटा. मला वाटलं, आवाज झाला, म्हणजे बार निघाला, लहानसा निघाला एवढंच. बाबा येईपर्यंत आपण पुन्हा भरून ठेवू, शाबासकी मिळेल. मी वेळूचं माप भरून दारू ओतली. बोळा घातला. पाहिलं होतं तसा गजाने ठासला. गज जागेवर ठेवला आणि गप्प बसलो.

बाबा वर आले. बंदूक हातात घेतली. आणि भरण्याआधी त्यांनी ती गोष्ट केली जी ते दर वेळी करायचे आणि जिच्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. त्यांनी गज नळीत सोडला आणि कंदिलाच्या उजेडात नळीच्या तोंडाशी बोट लावून पाहिलं.

त्या गजावर दोन खाचा होत्या. नळी रिकामी असली की पहिली खाच नळीच्या तोंडाशी यायची. एक बार भरलेला असला की दुसरी. त्या रात्री गज दुसऱ्या खाचेच्याही वर चार बोटं उभा राहिला.

"कोणी भरली?"

मी म्हटलं, "मी नाही."

बाबा शांतपणे म्हणाले, "मी नाय, तू नाय, मग डुकरानं भरली?"

मला आजही त्या वाक्याचं हसू येत नाही. एका नळीत दोन बार. जुनी नळी. ती बाबांच्या गालापासून वीतभर अंतरावर फुटली असती. मी खोटं बोललो होतो, आणि त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असता तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण त्यांनी विश्वास ठेवला होता तो गजावर.

त्यांनी मला मारलं नाही. नळीत पाणी ओतलं, दारू मारून टाकली, आणि रात्रभर बंदूक कोपऱ्यात तोंड वर करून उभी ठेवली. सकाळी गजाच्या टोकाला असतं ते मळसूत्र फिरवून दोन्ही बोळे माझ्यासमोर एकेक करून उपसून काढले. ओली काळी दारू केळीच्या पानावर पडली. दोन मापं. मग म्हणाले, "आवाज झाला म्हंजे बार गेला असं नाय. आणि कोणी सांगितलं म्हंजे नळी रिकामी असंबी नाय. गज टाकून बगायचं." एवढंच. घरी कोणाला सांगितलं नाही.

मंडळी, पुढे चाळीस वर्षं मी कारखान्यात काढली. मशीन बंद आहे असं कोणी सांगितलं तरी मेन स्विच स्वतः पाहिल्याशिवाय मी आत हात घातला नाही. माझी दहाही बोटं शाबूत आहेत. टूलरूममधल्या माणसाला विचारा, ही काय किमतीची गोष्ट आहे.

आता कांबळं आणि कोयता. हे दोन्ही अजून माझ्याकडे आहेत, आणि कांबळ्याच्या वासाबद्दल आमच्या मजल्यावरच्या मंडळींना काही वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे कांबळी यायची ती घाटावरून. आंबा घाट उतरून विकणारे साखरप्याच्या बाजाराला यायचे. दख्खनी मेंढीची काळी, भरड लोकर. धनगर बाया सूत कातणार आणि सणगर मागावर विणणार. विणताना चिंचोक्याची खळ लावायची, त्यामुळे कांबळं ताठ राहतं आणि पाणी पटकन आत शिरत नाही. त्याची खोळ करून डोक्यावरून घेतली की बाबा दिवसभर पावसात. भिजायचे नाहीत असं नाही. भिजायचे. पण गारठायचे नाहीत. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते आणि तरी हाताला कोरडी लागते, आणि भिजली तरी ऊब धरून ठेवते. रात्री तेच कांबळं शेकोटीशेजारी अंथरूण. ठिणगी पडली तर लोकर जागीच करपते, भडकत नाही.

माझ्या नातवाने तीन वर्षांपूर्वी ट्रेकसाठी एक भारीचं जॅकेट घेतलं. हलकं, घडी करून मुठीत मावणारं. दोन पावसाळे छान गेले. तिसऱ्या वर्षी कपाटातून काढलं तर आतला थर चिकट होऊन सालीसारखा सुटलेला. आपल्या दमट हवेत त्या प्लास्टिकच्या थराचं तसं होतं. शिंपी म्हणाला, याला मी काही करू शकत नाही. टाकून द्यावं लागलं.

पण मी नातवाला "बघ, आमच्या वेळचं कसं होतं" असं म्हणालो नाही. कारण खरं सांगायचं तर त्याचं जॅकेट दोन पावसाळे कांबळ्यापेक्षा चांगलंच होतं. भिजलेलं कांबळं खांद्यावर घेऊन गड चढा म्हणजे कळेल. मणभर वाटतं. माझी आई लावणीला कांबळं नाही, इरलं घ्यायची. बांबूच्या काड्यांचा सांगाडा आणि त्यावर पळसाची पानं. वाकून रोप लावताना डोकं आणि पाठ दोन्ही झाकलेली आणि दोन्ही हात मोकळे. उत्तम वस्तू. पण वारा सुटला की तीच आई इरल्यासकट बांधावरून ढकलली जायची. जुनं सगळंच सोनं नव्हतं.

कोयत्याचंही तसंच. आमचा कोयता ट्रकच्या पाट्याच्या लोखंडाचा. लोहाराने ठोकून, पाणी देऊन केलेला. कमरेला मागे लाकडी आकडी आणि तिच्यात कोयता अडकवलेला. धार गेली की पाजवायची, पार बोथट झाला की पुन्हा भट्टीत. पन्नास वर्षांत त्याचं पातं बोटभर झिजलं आहे. पण बिनधारेचा कोयता हा धारेच्या कोयत्यापेक्षा जास्त धोक्याचा, कारण तो घसरतो. म्हणजे टिकतो तो कोयता नव्हे. टिकते ती पाजवायची सवय.

हाच हिशेब मोठ्या बंदुकांनाही लागू पडतो. कॉलेजात एनसीसीत असताना आम्ही कवायत केली ती .३०३ रायफल खांद्यावर घेऊन. ली-एनफील्ड. पहिली १८९५ ची, आणि आपल्याकडे जिने नाव कमावलं ते मॉडेल १९०७ चं. चार किलोच्या आसपास वजन, दहा गोळ्यांची पेटी, प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करायचा. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती बनायची आणि तिची काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात. दोन महायुद्धं तिने पाहिली. १९६२ ला आपले जवान चीनसमोर उभे राहिले तेही बहुतांशी हिच्यासकट.

कॅनडात रेंजर्स नावाचं एक दल आहे, उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात गस्त घालणारं. १९४७ मध्ये ते सुरू झालं तेव्हापासून त्यांच्याकडे ली-एनफील्डच होती. हाडं गोठवणाऱ्या थंडीत नाजूक यंत्रं अडकतात, ही अडकत नाही, म्हणून त्यांनी ती सत्तरेक वर्षं सोडली नाही. २०१८ च्या सुमारास नवी रायफल द्यायला सुरुवात झाली, त्याचं मोठं कारण म्हणजे जुनीचे सुटे भाग मिळेनासे झाले.

आणि आता दुसरी बाजू. तीच .३०३ आपण सगळ्यांनी २६ नोव्हेंबर २००८ ला टीव्हीवर पाहिली. सीएसटीवर दहशतवाद्यांच्या हातात एके-४७ आणि आपल्या पोलिसांच्या हातात .३०३, नाहीतर नुसती लाठी. तिथे धैर्य कमी पडलं असं कोणी म्हणू नये. पण एका गोळीनंतर बोल्ट ओढायला लागणारा तो क्षण समोरच्याने दिलाच नाही. बर्फात जी वस्तू अजोड, ती त्या फलाटावर अपुरी. वस्तू तीच. काम बदललं होतं, आणि आपण वेळेवर ती बदलली नव्हती. म्हणून जुन्या वस्तूंचं कौतुक करताना मी दोन प्रश्न विचारतो. एक, जे काम हिच्यासाठी होतं ते अजून शिल्लक आहे का? दोन, हिची निगा कशी राखायची हे जाणणारा माणूस घरात आहे का?

कर्नाटकातल्या कोडगूमध्ये या दोन्हींचं उत्तर अजून बऱ्याच घरांत "हो" असं मिळतं. तिथल्या कोडव समाजाला शस्त्र परवान्यातून इंग्रजांच्या काळापासून सूट आहे, आणि केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. भाताची लावणी उरकली की सप्टेंबरात कैलपोळ्द नावाचा सण येतो. घरातली बंदूक देवापाशी ठेवतात, तिला फुलं वाहतात. आपल्या खंडेनवमीची बहीणच म्हणा ना.

आमच्या घरी मात्र उत्तर बदललं.

बाबा गेले तेव्हा बंदूक रीतसर पोलीस ठाण्यात जमा झाली आणि पुढे माझ्या मोठ्या भावाच्या, दादाच्या नावावर परवाना झाला. दादाने ती सांभाळली. निवडणूक जाहीर झाली की बंदूक खांद्यावर टाकून देवरुखला जायचा, जमा करायचा, पावती घ्यायचा, निकाल लागला की परत आणायचा. त्या पावत्या त्याने बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या होत्या. बाबांच्या वेळच्याही त्यातच. आमच्या घराण्याचा निवडणूक-इतिहास म्हणजे तो डबा.

गेल्या वर्षी परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा दादाचा फोन आला. "काय करूया रे?" त्याचं वय ७६. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. पुतण्या चिपळूणला नोकरीला, शनिवार-रविवार घरी. त्याने शेताला सौर कुंपण घातलं आहे, आणि डुकरं त्याला बारापेक्षा जास्त घाबरतात. दारू आणि केपा मिळवणं हाही एक व्यापच.

मी हट्टाला पेटलो. म्हटलं, दादा, आजोबांची वस्तू आहे. परवाना पोराच्या नावावर करून घे. वर्षातून एकदा पूजेला काढू. भिंतीवर राहील.

दादा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "भिंतीवर राहील. पण गज कोण टाकून बघणार?"

माळ्यावरची ती रात्र मी दादाला कधी सांगितली नव्हती. बाबांनीही सांगितली नव्हती, निदान मला तरी तसं वाटत होतं. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?" तो म्हणाला, "बंदूक माझ्या हातात देताना बाबांनी पहिली गोष्ट तीच सांगितली. तुझं नाव नाही घेतलं. म्हणाले, एकदा घरात दोन बार भरले गेले होते."

मग माझा हट्ट संपला. भिंतीवर टांगलेली बंदूक रिकामी आहे असं तीस वर्षं सगळे धरून चालतात, आणि एखाद्या सुट्टीत एखादा अकरा वर्षांचा मुलगा ती खाली काढतो. वस्तूबरोबर सवय द्यायची नसेल तर वस्तू देऊ नये.

मे महिन्यात मी गावी गेलो. आदल्या रात्री आम्ही दोघांनी आधण ठेवलं. बार काढलेला नव्हता, गरज नव्हती, तरी कढत पाणी ओतलं, चिंधी फिरवली, खोबरेल लावलं. सकाळी देवरुखला गेलो. ठाण्यातल्या हवालदाराने परवाना पाहिला, नळीची लांबी, खुणा वगैरे लिहून घेतलं आणि सहज विचारलं, "काका, रिकामी आहे ना?"

दादा म्हणाला, "थांबा." त्याने गज काढला, नळीत सोडला आणि पहिल्या खाचेवर बोट ठेवून हवालदाराला दाखवलं. तो पोरगा पंचवीस-सव्वीसचा असेल. त्याने वाकून नीट पाहिलं. म्हणाला, "हे बरं आहे हो." मग सही घेतली. पावती दादाने डब्यात टाकली. शेवटची.

परत येताना एसटीत आम्ही फारसं बोललो नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आजोबांचा हात लागलेली एकुलती एक वस्तू होती ती. पण हलकंही वाटलं.

तर मंडळी, आज सकाळी माझ्या घरी पाटावर कोयता होता, बाबांचं कांबळं होतं आणि माझा मायक्रोमीटर होता. नातवाने विचारलं, आजोबा, बंदुकीची जागा रिकामी का? मी त्याला ही सगळी गोष्ट सांगितली. खोटं बोललो होतो तेसुद्धा. त्यानंतर तो स्वयंपाकघरात गेला आणि त्याच्या आईने "गॅस बंद केलाय" म्हटलं तरी त्याने बटण हात लावून पाहिलं. सून म्हणाली, "याला काय झालं?" मी काही बोललो नाही.

आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली. गेटजवळचा पंप पहिल्या दिवसापासूनचा आहे. तीनदा रिवाइंड केला, बेअरिंगं बदलली, अजून पाणी चढवतो. त्याचं कौतुक करूच. पण जिन्यातली आग विझवायची लाल नळकांडी भिंतीवर आहेत म्हणून ती भरलेली आहेत असं आपण सगळे धरून चाललो आहोत. अध्यक्ष हसताहेत. मी काल संध्याकाळी चारही मजल्यांवर जाऊन त्यांचे काटे पाहून आलो. दोन हिरव्यात आहेत, दोन नाहीत. यादी सचिवांकडे दिली आहे.

  उद्या दसरा, सोनं घ्यायला आमच्याकडे जरूर या. कांबळं बघायचं असेल तर तेही दाखवीन. वासाची मात्र तयारी ठेवा.